चाकामागचा दगड

माझ्या गॅरेजमध्ये आलेली गाडी मी कधीही हँडब्रेक ओढून उभी करत नाही. पहिला गिअर टाकतो, मागच्या चाकाला जांभ्याचा दगड लावतो आणि किल्ली खिशात घालतो. गॅरेज रत्नागिरीच्या बाहेर, उतारावर आहे. इथे सपाट जागा मिळाली तर लोक तिच्यावर घर बांधतात, गॅरेजला कोण देणार? त्यामुळे नवीन गिऱ्हाईक घाबरतं. "अहो, मग हँडब्रेक कशाला दिलाय कंपनीने?" असं एखादा शहाणा विचारतोच. मी म्हणतो, शोभेला. माझा स्वभाव तिरसट आहे हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. काम चांगलं होतं म्हणून खपवून घेतात.

थंडीच्या दिवसांत हा तिरसटपणा वाढतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे जरा गारठा पडतो, आणि तेवढ्यावर माणसं कानाला मफलर गुंडाळून दारात येतात. "थंडीनं गाडी स्टार्ट होत नाय." थंडीनं! बॅटरी सहा वर्षांची, तिच्यात पाणी आहे की नाही ते कधी बघितलेलं नाही, आणि दोष थंडीला. थंडी काय असते ते मी पाहिलंय. तिच्यावर उगाच आळ घेतलेला मला सहन होत नाही. खरं तर हे बोलायला मला तोंड नाही. एका माणसावर खोटा आळ मी तेवीस वर्षं राहू दिला. तेच सांगायला हे लिहायला बसलो आहे.

मी फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होतो. नोकरीतली काही वर्षं लडाखमधल्या एका उंच चौकीवर काढली. तिथल्या हिवाळ्यात गाडी सांभाळणं म्हणजे अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस सांभाळणं. डिझेल गोठून तुपासारखं होतं. इंजिनातलं तेल इतकं घट्ट होतं की इंजिन फिरायला तयार नसतं. म्हणून संध्याकाळी शेवटचं एकदा इंजिन चालवून त्याला ऊब द्यायची आणि मग बॅटरी काढून माणसांच्या शेजारी शेगडीजवळ ठेवायची. उघड्या हाताने पाना धरला की कातडी पान्याला चिकटते. आणि या सगळ्यावरचा नियम म्हणजे गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही. चाकाच्या ड्रममध्ये बर्फाची, पाण्याची ओल गेलेली असते. ब्रेक ओढला की आतले लायनर ड्रमला टेकतात, ओल गोठते आणि सकाळी चाक जागचं हलत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला लाकडी ठोकळा लावायचा.

सपाट मुलखातला जवान हा नियम एका दिवसात शिकतो. कोकणातल्या माणसाला तो जड जातो, कारण आमच्याकडे रस्ता एक तर चढ असतो नाही तर उतार. माझे वडील जांभ्याच्या चिऱ्यांचा ट्रक चालवत. खाणीवर गाडी उभी केली की ते हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत करकरून ओढायचे, शिवाय खाली उतरून चाकामागे दगड लावायचे. "ब्रेक कंपनीचा, दगड आपला," असं म्हणायचे. दोन्ही केल्याशिवाय गाडीकडे पाठ करायची नाही ही त्यांची शिकवण. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशी ती माझ्या हातात बसली होती.

त्या चौकीवर आणखी एक रत्नागिरीकर होता, आमच्या छोट्या ट्रकचा ड्रायव्हर. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचा, बाप मासेमारीवाला. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून "काय रे, कुठला तू?" एवढं ऐकलं, नुसता तो हेल कानावर पडला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बर्फात एवढ्या लांब आपली बोली ऐकू येणं म्हणजे काय, ते घरी बसलेल्याला नाही कळायचं. आमचा आचारी, फौजेत ज्याला लांगरी म्हणतात, तो घाटावरचा होता. आम्हा दोघांना चिडवायचा. "तुम्ही मासं खाणारी माणसं. तुमचं रगात खारट, ते गोठायचं न्हाई." आम्ही त्याला घाटी म्हणायचो आणि तो आमच्या चहात सुंठ जास्त टाकायचा. तिथे तेवढीच करमणूक होती.

एका जानेवारीत लांगरी आजारी पडला. तिथल्या विरळ हवेने छातीत पाणी भरतं, तसं झालं. सकाळी धाप लागली, संध्याकाळपर्यंत ओठ निळे पडले. डॉक्टर खालच्या ठाण्यावर, तिकडची वाट बर्फाने बंद. बिनतारी यंत्रावर निरोप गेला आणि उत्तर आलं की उजाडता उजाडता हेलिकॉप्टर येईल. ते उतरायची जागा चौकीपासून चार-पाच किलोमीटर खाली होती. तिथवर त्याला ट्रकने न्यायचं ठरलं. एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा बजावली होती. या थंडीत हेलिकॉप्टरचं इंजिन बंद करता येत नाही. एकदा बंद केलं की ते तिथेच अडकेल. पंखा फिरत ठेवून ते काही मिनिटं थांबेल आणि निघून जाईल. आपण वेळेवर असायलाच हवं.

त्या दिवशी ड्रायव्हर वरचा बर्फ फोडत पाण्याचा ओहोळ ओलांडून आला होता, म्हणजे चारही ड्रम ओले. त्याने नियमाप्रमाणे गाडी गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक सोडलेला, चाकाला लाकडी ठोकळा. मग तो जेवायला गेला. इंजिनला ऊब द्यायचं काम माझं. मी गाडीत चढलो. इंजिन चालवायचं तर गिअर काढावा लागतो, आणि गाडी उतारावर होती. माझा हात गेला आणि त्याने हँडब्रेक ओढला. मी ओढला असं म्हणायला हवं, पण तेव्हा हातानेच केलं, मला पत्ताही नव्हता. ठोकळा होता तरी खाली उतरून एक चपटा दगड चाकामागे सरकवला. पंधरा मिनिटं इंजिन चालवलं. मग बंद केलं, परत गिअर टाकला, बॅटरी काढली आणि ती पोटाशी धरून आत आलो. हँडब्रेक सोडायचा राहिला.

सकाळी इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. माझी छाती फुगली. लांगऱ्याला स्ट्रेचरवर मागे चढवलं. ड्रायव्हरने क्लच सोडला आणि गाडी नुसती गुरगुरली. मागची चाकं दगडासारखी. त्याने खाली बघितलं तर हँडब्रेक वर ओढलेला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. पांढरा झाला. त्याने ब्रेक सोडला, पण आत लायनर धरून बसले होते. तो उडी मारून खाली उतरला, चाकामागचा दगड लाथेने उडवला, ठोकळा काढला, हातमोजे फेकून देऊन केबल ओढायला लागला. मी हातोडीने ड्रम ठोकत होतो, पेटवलेला स्टोव्ह ड्रमखाली धरत होतो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ब्रेक मी ओढलाय हे कोणाला कळू नये, एवढीच.

आठ जण स्ट्रेचर खांद्यावर घेऊन पायी निघाले. त्या उंचीवर रिकामा माणूस शंभर पावलांवर धापा टाकतो. ते अर्ध्या वाटेवर असताना हेलिकॉप्टर आलं, खाली थांबलं, आणि मग त्यांच्या डोक्यावरून परत गेलं. त्यानंतर थोड्याच वेळात चाकं सुटली. त्या दिवशी हेलिकॉप्टरला दुसरी फेरी जमली नाही, दुसऱ्या दिवशी ढग उतरले आणि दोन दिवस काही उडू शकलं नाही. लांगरी दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. ड्रायव्हरच्या डाव्या हाताची दोन बोटं थंडीने काळी पडली होती. पुढे त्यांची पेरं कापावी लागली.

चौकशी झाली. ड्रायव्हरने मला तोंड उघडू द्यायच्या आधीच सांगून टाकलं, "माझ्याकडनंच ओढला गेला असणार, साहेब. कोकणातला हात आहे. सवयीने गेला." मला विचारलं, "इंजिन चालवलंस तेव्हा गाडीत काही दोष होता?" मी म्हणालो, "नाही, साहेब." हे खरंच होतं. आपण खोटं बोललो नाही याचं मला कित्येक वर्षं समाधान वाटायचं. त्या समाधानाची आज किळस येते.

त्याला गाडीवरून काढलं. बढती गेली. कोणी हाकललं नाही, पण वर्षभरात तो स्वतःच नोकरी सोडून नाट्याला आला. जाताना वाट वाकडी करून घाटावर लांगऱ्याच्या आईकडे गेला, तिच्या पाया पडला आणि माझ्या हातून झालं म्हणून सांगितलं. तिने त्याला जवळ बसवून भाकरी वाढली. म्हणाली, "थंडीनं नेलं माझं पोर. तू कशापायी जीव जाळतोस?" हे त्याने मला पत्रात लिहिलं होतं. पत्र वाचून मला बरं वाटलं. तिने माफ केलं, प्रकरण मिटलं, असं वाटलं. तिने भलत्याच माणसाला माफ केलंय हे कळायला मला आणखी काही वर्षं लागली.

निवृत्त होऊन मी गॅरेज काढलं. तेव्हापासून दर जानेवारीत मी नाट्याला जायचो. एसटीने जायचो, त्याच्या घरी सरंग्याचं कालवण खायचो, संध्याकाळच्या गाडीने परत. दर वेळी जाताना ठरवायचो की या खेपेला सांगायचं. आणि दर वेळी आपल्याच मनाला समजवायचो की आता सांगून कुणाचं भलं होणार आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो मात्र मला बघून खूश व्हायचा. फौजेतलं दुसरं कोणी त्याच्याकडे कधी आलं नाही. गावात शेजाऱ्यांना सांगायचा, "हा माझा दोस्त. दरसाल येतो."

तो बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. होड्यांसाठी बर्फाच्या लाद्या काढायच्या, फोडायच्या, टेम्पोत भरायच्या. स्टिअरिंगला त्याने पुन्हा हात लावला नाही. कापलेल्या बोटांना गार लागलं की कळ डोक्यात जाते, हे मला माहीत होतं. एकदा मी चिडून म्हणालो, अरे, दुनियेत दुसरं काम नाही काय? तो म्हणाला, "दुसरां काय येतां मला?" गाडी सोडून दुसरं काही येत नव्हतं हे खरंच होतं. आणि गाडी त्याच्याकडून मी काढून घेतली होती.

या जानेवारीत मी जायच्या आधी त्याचाच फोन आला. आवाज तापलेला. त्याला एकच मुलगी, कॉलेज झालेली, पंचविशीची. तिने बापाला न सांगता राजापूरला जाऊन गाडी शिकून लायसन काढलं होतं. कारखान्याच्या मालकाला बर्फाच्या टेम्पोवर ड्रायव्हर हवा होता आणि तो तिला ठेवायला तयार होता. "तू ये नि सांग तिला," तो म्हणाला. "तू मेकॅनिक, तुझां ऐकेल. आमच्या घराण्याच्या हाताला गाडी लाभत नाय. एक माणूस गेला ह्या हाताने. आता तिच्या हातून आणखी कोण जायला नको." मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दिवशी गॅरेजमध्ये मी कोणाशीच नीट बोललो नाही. माझ्या एका न सोडलेल्या ब्रेकने पहिल्यांदा लांगरी गेला, मग याची नोकरी गेली, आणि आता या पोरीची भाकरी जाणार होती. आता गप्प राहणं म्हणजे तिसऱ्यांदा तेच करणं.

दुपारी नाट्याला उतरलो. कारखान्याच्या आवारात तो गोणपाट पसरून बर्फ फोडत होता. हातात फौजेतले लोकरीचे जुने मोजे, दोन बोटांची टोकं शिवून बंद केलेली. टेम्पो चढणीवर उभा होता आणि मुलगी टेम्पोला टेकून हाताची घडी घालून उभी होती. बाप-लेकीत बोलणं बंद होतं हे बघताच कळत होतं.

"काका, तुम्हीच सांगा, मी टेम्पो चालवला तर काय बिघडतं?" ती म्हणाली.

"सांग तिला," तो म्हणाला. "तू व्हतास ना तिथे. ह्या हाताने काय केलां ता सांग."

मी बर्फाच्या रिकाम्या साच्यावर बसलो. "मी होतो तिथे," मी म्हणालो. "ब्रेक तू नाही ओढलास. मी ओढला. संध्याकाळी इंजिन चालवायला गेलो तेव्हा ओढला आणि सोडायला विसरलो. सकाळी मला लगेच कळलं होतं. मी बोललो नाही."

तो आधी हसला. खरंच हसला. "पोरीसाठी सांगतोस काय? मला बरां वाटावां म्हणून?"

"चाकामागे दगड होता," मी म्हणालो. "आठवतो तुला? तू लाथेने उडवलास. ठोकळा तू लावला होतास. दगड माझा होता."

त्याच्या हातातला बर्फ फोडायचा टोचा खाली आला आणि तिथेच राहिला. कारखान्याचं मशीन घरघरत होतं. मग तो बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"चपटा दगड. इतकी वर्षां तो माझ्या डोक्यात हाय. मी म्हणायचो, ठोकळा असताना मी दगड कशाला लावला? दगड लावायची खोड तर तुझी. पण तुझां नाव मनात आणायची लाज वाटायची मला. म्हटलां, सगळी दुनिया विसरली, हा एकटाच दरसाल आपल्याकडे येतो. त्याच्यावर कसा संशय घ्यायचा?"

शिव्या घालेल, अंगावर धावून येईल, सगळ्याची तयारी करून आलो होतो. याची नव्हती.

"त्या म्हातारीच्या पाया पडलो मी," तो म्हणाला.

"माहीत आहे. मी पण जाईन. उद्याच जातो."

"दोन वर्षां झाली तिला जाऊन." त्याने मोजे काढले, झटकले आणि परत घातले. "मी जाऊन आलो दहाव्याला."

मी माफ कर म्हणालो. दोनदा म्हणालो. त्याने ऐकलं की नाही ते कळलं नाही. तो पुन्हा बर्फ फोडायला लागला होता. चार-पाच घाव घालून झाल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आता नको येव."

मग मुलीला हाक मारली. "ह्यांना वर एसटीच्या थांब्यावर सोडून ये. टेम्पो घेऊन जा."

ती जागची हलेना. तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली.

थांब्यापर्यंतची चढण खडी आहे. ती चांगली चालवत होती, गिअर वेळेवर बदलत होती, उगाच रेस करत नव्हती. मी तसं तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून ती खांद्याला गाल घासत होती. वर पोचल्यावर, चढणीतच, तिने टेम्पो थांबवला आणि तिचा डावा हात खाली गेला. करकर आवाज करत हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत वर आला. कोणी सांगावं लागलं नाही. अगदी बापासारखा हात, अगदी माझ्यासारखा.

मी उतरलो. ती "येते" म्हणाली, "काका" म्हणाली नाही. टेम्पो वळवून खाली गेली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी रस्त्याच्या कडेचा एक जांभ्याचा दगड उचलून चाकामागे लावायला निघालो होतो. चाक तिथे नव्हतं. एसटी येईपर्यंत दगड माझ्या हातातच होता.